वेळ, ताप, पाणी

८ मे, सोमवार. फैजपूर

पोचलो. धुळ्याहून निघालो तेव्हा त्रेचाळीस अंश होते, फैजपुरात उतरलो तेव्हा चव्वेचाळीस. म्हणजे प्रगती आहे. बसमध्ये शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, फैजपूरला कुणाकडे? मी म्हटलं, विज्ञानाची एक भानगड मिटवायची आहे. त्यांनी काळजीने माझ्याकडे पाहिलं आणि सरकून जागा दिली.

भानगड अशी. इंटरनेटवर 'थंडी भट्टी' नावाचा आमचा गट आहे. सभासद दोनशे बारा. त्यात निवृत्त वायरमन, मुलामा देणारे, दोन होमिओपॅथ आणि वर्गात कुणी ऐकत नाही असे माझ्यासारखे रसायनशास्त्राचे मास्तर. सगळ्यांचं स्वप्न एकच: बरणीत पाणी, पाण्यात पॅलेडियमची तार, तारेत वीज, आणि घातली त्याहून जास्त उष्णता बाहेर. सूर्याच्या पोटात चालतं ते लोणच्याच्या बरणीत. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी जगातल्या मोठमोठ्या लोकांनी यात हात पोळून घेतले. बरणी पुरेशी पोळत नाही, हीच खरं तर सगळ्यांची तक्रार होती.

गटात मी 'खारट' नावाने लिहितो आणि लोकांच्या आकड्यांतली हवा काढतो. एरंडोलच्या एका सभासदाने तीन महिने 'जड पाणी', म्हणजे अणुभट्टीत लागतं ते, वापरून प्रयोग केला. चौकशीअंती ते बोअरचं निघालं. त्या एका गोष्टीवर मी आठवडाभर मजेत जगलो.

मग चुडामणभाऊंनी एकच ओळ टाकली. आमची बरणी तापते, खारट खरोखर खारट असतील तर त्यांनी येऊन मोजावं. उन्हाळ्याची सुट्टी आहे, घरी वाट पाहणारं कुणी नाही. आलो.

भाऊ केळीवाले. घरामागे केळी पिकवायच्या तीन थंड खोल्या आहेत. जाड पत्र्याच्या, आत फोम भरलेल्या भिंती, हातभर जाडीचं दार, दाराला वहीएवढी काच. आत बाराही महिने अठरा अंश, दशांशाचाही फरक नाही. दोन खोल्यांत केळी आणि तिसरीत बरणी. तिसरीत दोन वर्षांत माल ठेवला नाही म्हणे. उष्णता मोजायला इतकी चांगली खोली आमच्या विद्यापीठात नाही. माझी राहायची सोय शेजारच्या हिशेबाच्या खोलीत.

भाऊंच्या बायको भिकुबाई. मी वहिनी म्हणतो. गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होत्या. वरूनच विचारलं, मास्तर लोक एवढे वाळलेले का असतात, घरी पुस्तकं शिजवतात का? मग शेवभाजी आणि कळण्याची भाकरी वाढली. जेवलो आणि आडवा झालो. सुखी आहे.

१० मे, बुधवार

दोन दिवस खोट शोधतोय. मीटर बरोबर, तारा बरोबर, पाणीही खरोखरचं जड. ते कुठून आलं हे मी विचारलं नाही, भाऊंनी सांगितलं नाही; सभ्य माणसं अशीच वागतात.

पहिला संशय केळ्यांवर होता. केळी पिकताना स्वतःच तापतात, त्यांचा श्वास चालू असतो. पण मधली भिंत तपासली. पलीकडचं काहीच अलीकडे येत नाही.

पॅलेडियमची गोष्ट मजेची आहे. पांढऱ्या सोन्यात ते मिसळलेलं असतं. भाऊंनी घरातली एक अंगठी जळगावला रतिलाल सोनारांकडे नेली. त्यांनी सोनं बाजूला काढून उरलेल्याची तार ओढून दिली. जळगावात सोन्यातून सोनं काढून टाकायला सांगणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं असेल. तारेचे दोन तुकडे केले. एक इथल्या बरणीत, दुसरा शिरपूरच्या भूपेंद्रला दिला. भूपेंद्र गटातलाच, तिथल्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळतो.

अंगठी कुणाची, विचारलं. भाऊ म्हणाले, पोरीची. आणि जनरेटर बघायला उठून गेले. मुली लग्नानंतर दागिने माहेरी ठेवून जातात, असा मी अर्थ लावला.

११ मे, गुरुवार

सकाळी दहाला वीज सोडली. शिरपूरलाही त्याच मिनिटाला. माझ्या हिशेबाने पाणी चोवीस अंशांपुढे जायला नको. दुपारी दोनला ३७.८. संध्याकाळी सहाला ३७.६. तीनदा मोजलं. खोटही तीनदा शोधली.

बरणीखालच्या टेबलाच्या खणात एक लांबोडकं रजिस्टर सापडलं. पहिल्या पानावर 'दिवस पहिला', आणि तीन रकाने: वेळ, ताप, पाणी. अक्षर नेटकं, आकडे दशांशापर्यंत, पाणी मिलिलिटरमध्ये. दुपारी २ ला ३७.८. संध्याकाळी ६ ला ३७.६. असे अकरा दिवस. म्हणजे हा प्रयोग आधी एकदा झालेला आहे आणि भाऊंनी गटाला सांगितलेलंच नाही! 'तापमान'ऐवजी नुसतं 'ताप' लिहिलेलं पाहून हसू आलं. वर्गात असतं तर अर्धा गुण कापला असता.

१३ मे, शनिवार

तिसरा दिवस. सकाळी ३८.६, दुपारी ३९.१, संध्याकाळी ३८.४. रजिस्टरात तिसऱ्या दिवशी: ३८.६, ३९.१, ३८.४.

पुन्हा तेच येणं. पस्तीस वर्षांत या धंद्यात कुणाला जे जमलं नाही ते हेच. एकाची बरणी तापते, दुसऱ्याची तापत नाही, एवढ्यावर सगळं विज्ञान अडलेलं. आणि इथे दशांशही हलत नाही. मी त्या थंड खोलीत एकटा नाचलो. वय बावन्न.

अख्खं रजिस्टर टाइप करून गटावर टाकलं. शेजारी आजवरचे माझे आकडे, वर मथळा: 'खारट शरण'. अभिनंदनाचा पूर आला. दोन्ही होमिओपॅथना हे आधीपासूनच माहीत होतं. भूपेंद्रने लिहिलं, खारट भाऊ, मनी बरनी बी तशीच तापी राह्यनी, बठ्ठा आकडा तेच शेतस. म्हणजे शिरपूरलाही सगळे आकडे हेच!

१५ मे, सोमवार

एक बारीक गोष्ट आहे, पण लिहून ठेवतो.

बरणीतलं पाणी कमी होतं, वरून घालावं लागतं. मी विसरतो. वहिनी येऊन घालतात. काल दुपारी सव्वादोन आणि साडेपाच. आज पाचव्या दिवशी अकरा वाजून दहा, मग चार. रजिस्टरच्या 'पाणी' रकान्यात याच वेळा आहेत. पण रजिस्टर माझ्या पिशवीत आहे आणि पिशवी कुलपात.

त्यांना विचारलं, तुम्हाला वेळ कशी कळते? त्या म्हणाल्या, त्यात काय कळायचं, पोरीले तहान लागली का आईले समजते. मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. झाकण नीट लावून बिबडे उलटायला वर गेल्या.

आणि बुडबुडे. तारेवरून ते सारखे सुटायला हवेत. इथे एकदम सुटतात, थांबतात, पुन्हा एकदम सुटतात. घड्याळ लावून मोजले. मिनिटाला बावीस वेळा.

१६ मे, मंगळवार

भाऊंनी आज मोबाइलवर गट उघडला. ते पाणी पीत होते. ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, मास्तर, तुम्ही आमच्या मयुरीचा ताप छापला.

मग सांगितलं. माझ्याकडे न बघता, शेतातलं काही सांगावं तसं. मयुरी त्यांची एकुलती एक. औषधशास्त्राचं शेवटचं वर्ष, लग्न ठरलेलं, अंगठी बोटात. करोनाचा तो मे महिना. जळगावपर्यंत कुठेही खाट नव्हती. डॉक्टर म्हणाले, घरीच वेगळं ठेवा. बाहेर चव्वेचाळीस अंश. ट्रक बंद म्हणून ही खोली रिकामी, गार. तिथे खाट टाकली. आईबाप दाराच्या काचेबाहेर. दुकानात ताप मोजायची नळीसुद्धा मिळेना, तेव्हा केळ्याच्या गरात खुपसायचा थर्मामीटर धुऊन आत दिला. तो सेल्सिअसचा. नाहीतर शंभर-एकशेदोन असे आकडे असते आणि मला पहिल्याच ओळीला कळलं असतं.

रजिस्टर तिने स्वतः लिहिलं होतं. आतून. ताप म्हणजे ताप.

मी तिसऱ्या दिवशी नाचलो होतो.

गटावरून मजकूर काढून टाकला. पण दोनशे जणांनी जपून ठेवलाय. एकाने त्याचा रंगीत आलेख करून खाली गुलाबाचं फूल आणि 'सुप्रभात' घातलं आहे.

१७ मे, बुधवार

भाऊंना म्हटलं, बंद करू. ते पुन्हा जनरेटर बघायला उठले. वाटलं, आधी शिरपूरची तरी थांबवावी. भूपेंद्रला फोन केला. त्याने अकरा वाजून दहा मिनिटांनी वीज काढली.

अकरा-दहालाच इथला आकडा ३९.२ वरून ४०.३ वर उडाला. बुडबुडे चाळीस, तुटक, धाप लागल्यासारखे मध्येच अडकणारे. वहिनी गच्चीवरून पिठाच्या हातांनी धावत आल्या. त्यांना कुणी हाक मारली नव्हती. खोलीचं दार बंद होतं.

भूपेंद्रला ओरडून सांगितलं, परत लाव. अकरा-एकोणीसला पुन्हा ३९.२.

अर्ध्या तारेला हे होत असेल तर — नाही. आता मी बंद करू शकत नाही. कुणीच करू शकत नाही.

१९ मे, शुक्रवार

३९.८. बुडबुडे चौतीस.

रजिस्टरची शेवटची पानं आज धीर करून नीट पाहिली. आठव्या दिवसापर्यंत अक्षर सरळ. नवव्याला ओळी उतरत जातात. दहाव्याला आकडे रकान्याबाहेर. अकराव्या दिवसाची शेवटची ओळ: दु. ३.४०, ३६.९. पुढे पाण्याचा रकाना रिकामा, त्यावर आडवं लिहिलंय: उतरला!

पुढे कोरं.

भाऊ म्हणाले, तिने रजिस्टर काचेला लावून दाखवलं होतं. हसत होती. खिचडी कर म्हणाली आईला. अकरा दिवसांत पहिल्यांदा काही मागितलं. दोघंही चुलीकडे धावले. एक डाळ धुतोय, एक तूप शोधतोय.

वीस मिनिटं, मास्तर, म्हणाले. एवढंच.

परवा अकरावा दिवस. या वेळी कुणी उठणार नाही, असं दोघांचं ठरलं आहे. बरणी पहिल्यांदा तापली तेव्हाच भाऊंनी हे आकडे ओळखले होते; त्यासाठीच सगळं. बिजली, ऊर्जा, सूर्य — भाऊंना त्यातलं काही नकोच होतं. तीन-चाळीसच्या पुढची एक ओळ हवी आहे.

आणि मोजायला खात्रीचा माणूस.

२० मे, शनिवार

वहिनी सकाळपासून आत आहेत. शाल घेऊन. तेव्हा हात लावू दिला नव्हता. आता दोन्ही तळवे बरणीवर आहेत. ४०.१. पोळत नाही म्हणतात. कुणाच्या घरी बाळ झालं, कुणाचं लग्न मोडलं, सगळं सांगताहेत तिला. मध्ये थांबतात. ऐकल्यासारखं. मग पुढचं.

बरणीची काच धूसर होते. बाहेरून पुसली. धूसरपणा आतून आहे.

भूपेंद्र रजा टाकून बसला आहे. त्याने नाव विचारलं, मी सांगितलं. आता आकडे पाठवताना वर 'मयुरीताई' लिहितो.

माझ्याकडे आज लिहायला एकही विनोद —

२१ मे, रविवार

स. १० — ४०.२. बुडबुडे छत्तीस.

दु. १ — ३९.०. उतरतोय.

२.३० — ३८.१. भाऊ भिंतीला टेकून उभे. कुणी जेवलं नाही.

३.१० — ३७.५. बुडबुडे वीस. शांत. एकसारखे.

३.४० — ३६.९.

वहिनी हसल्या. मोठ्याने. उतरला, म्हणाल्या, पाहा मास्तर, उतरला. भाऊंनी टोपी काढली, तोंडावर धरली. कुणीही उठलं नाही.

३.४४ — ३६.५. ठीक. माणसाला एवढं असतं.

३.४८ — ३५.८. वीज तेवढीच आहे. तारा हलवून पाहिल्या. भाऊंनी खोलीचा गारवा बंद केला, दार सताड उघडलं. बाहेरची झळ आत येते आहे. चव्वेचाळीस —

३.५२ — ३४.६. सगळं तापतंय, बरणी सोडून. बुडबुडे बारा.

भाऊंना समजलं. आयुष्यभर थर्मामीटर वाचलाय त्यांनी. माझ्याकडे पाहून मान हलवली, नाही अशी. वहिनींना चष्म्याशिवाय आकडा दिसत नाही. चष्मा भाऊंनी खिशात घातला.

किती, विचारताहेत.

सदतीस म्हटलं.

३.५५ — ३१.९. भूपेंद्रचा फोन वाजतोय. घेत नाही.

पुन्हा विचारलं. सदतीस, वहिनी. सदतीसच.

मग हातांले गार काहून लागते, म्हणाल्या —

३.५७ — बुडबुडे चार. दोन. त्या माझ्या पेनाकडे बघताहेत, काय लिहितो म्हणून. सदतीस लिहितो आहे. सदतीस. सद