उजवा दंड

अगं,

अक्षर बघून घाबरू नकोस. झटकाबिटका काही आलेला नाही, डाव्या हाताने लिहितोय. नागिणीची लस देताना नर्सबाईंनी विचारलं, "कुठल्या हातावर देऊ?" मी ऐटीत उजवा पुढे केला. म्हटलं, लेखन थांबल्यापासून हा नुसता बसून खातोय. जन्मभर लेखणीने लोकांना टोचत आलो, त्याची सव्याज परतफेड झाली. दंड टम्म सुजलाय, थंडी वाजून ताप आलाय, आणि शर्ट काढता न आल्यामुळे मी बाहेरच्या कपड्यांतच तुझ्या धुतलेल्या चादरीवर झोपलोय. ओरडायचं ते उद्या ओरड.

तापाची गोळी घेतली आहे. हे सगळं खरं तर तुझ्यापासून लपवणार होतो, कारण निघताना तू बजावलं होतंस, "तुम्हाला काही झालं, तर मी नाही हं ती लस घेणार." पण दात असे वाजतायत की लपवणार कसं? शिवाय तू आत्ता तुझ्या ताईंकडूनच येते आहेस. नागीण बरी होऊन इतके महिने झाले, तरी त्यांना कुशीवर चादर सोसत नाही, हे मी तुला काय सांगावं? त्यापुढे माझा ताप म्हणजे पाहुणा. दोन दिवस कुरकुर करेल आणि जाईल, असं डॉक्टरही म्हणाले.

तेव्हा शुक्रवारी ठरल्याप्रमाणे तू लस घ्यायला जायचंस. फक्त हात डावा दे. घरात एक तरी उजवा हात चालता हवा. तोवर माझा शर्ट निघेलच असं सांगता येत नाही.