अठ्ठेचाळीस ओळी तोंडपाठ

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
अकाउंट उघडेना. पासवर्ड चुकीचा आहे म्हणे! गुरुजींच्या कवितेतल्या पाचव्या कडव्याचा पहिला शब्द आणि पुढे शाळा सोडल्याचं साल, असा पासवर्ड. पाचवं कडवं मी विसरेन? कॉम्प्युटर विसरला असेल.

७.५५
सहा वेळा टाकला. अकाउंटला कुलूप. आता आधी ओळख पटवा म्हणतो. माझी ओळख, मला!

४ फेब्रुवारी
डोकं थंड ठेवणे. मुद्दा काय, तर गुरुजींनी चौथीत आमच्यासाठी एक कविता रचली होती. अठ्ठेचाळीस ओळी. कुठे छापली नाही, वह्या वाळवीनं खाल्ल्या. गुरुजी आता ब्याण्णव वर्षांचे, त्यांना स्वतःलाच ती आठवत नाही. येत्या १६ तारखेला वर्ग जमतोय. गुरुजी तेवढी एक कविता ऐकायला येणार आहेत. जगात ती आता एकाच ठिकाणी आहे: माझ्या डोक्यात. आणि तीन वर्षांपूर्वी टाइप करून ठेवली, ती अकाउंटमध्ये. म्हणजे दोन ठिकाणी.

लंबूचा फोन. आमचा वर्गमित्र, समारंभाचा स्वयंघोषित अध्यक्ष. प्रिंट पाठव, फ्रेम करून गुरुजींना देऊ, म्हणाला. उद्या पाठवतो म्हटलं.

ही म्हणाली, तोंडपाठ आहे ना, मग कागदावर लिहून द्या की. हिला काय सांगणार! कविता लिहायची गोष्ट नाही, म्हणायची आहे. खिडकीजवळचा बाक, शाईचा वास, चाळीस गळ्यांचा एक सूर...

५ फेब्रुवारी
आज तरी लिहायला बसावं म्हटलं. 'उंच टेकडीवरी उभा मी, खाली निजले गाव, पाटीवरती लिहितो वारा कुणाकुणाचे नाव.' वा! गुरुजी, वा! इतका गहिवरलो की पुढे लिहवेना.

६ फेब्रुवारी
कॉम्प्युटर विचारतो, बालपणीचा जिवलग मित्र कोण? लंबूचं नाव टाकलं. चूक. अकाउंट काढलं तेव्हा आमचा अबोला असणार. मग हजेरीपटाच्या क्रमानं एकेकाला टाकलं. सतराव्याला त्यानं प्रश्नच काढून घेतला. हजेरीपट मात्र पाठ निघाला. कोण म्हणतं स्मरणशक्ती गेली?

७ फेब्रुवारी
षड्यंत्र उघड झालं! स्क्रीनवर आलं: तुमच्या नोंदवलेल्या फोनवर कोड पाठवला आहे, शेवटचे आकडे ४७. माझा नंबर २० नं संपतो. म्हणजे कोणीतरी माझ्या अकाउंटमध्ये स्वतःचा नंबर घुसवलाय. हॅकर! त्याला माझी कविता हवी असणार. जीव गेला तरी देणार नाही.

८ फेब्रुवारी
रोज सकाळी 'कोड पाठवा' दाबायचं ठरवलं. हॅकरची झोपमोड तरी होईल. आज चार वेळा दाबलं.

१० फेब्रुवारी
पाच वेळा. जेवताना ही सांगत होती, रोज सकाळी कुणी मेला मोबाईलवर आकडे पाठवतोय. मी विचारलं, तू काय करतेस? म्हणाली, तुम्हीच शिकवलंत ना, आकडे आले की कुणाला दाखवायचे नाहीत, नवऱ्यानं मागितले तरी नाही, लगेच पुसायचे. शाबास म्हटलं. घराघरात अशी एकेक बाई हवी. मग हॅकरची काय टाप!

११ फेब्रुवारी
कंपनीला पत्र लिहिलं. तीन पानं, वळणदार अक्षरात, शेवटी स्वरचित चार ओळी. आज त्यांचा पत्ता शोधून पोस्टात टाकणे.

१२ फेब्रुवारी
कंपनीला पत्ताच नाही! असल्या कंपनीपुढे मान तुकवणार नाही. लंबूचा फोन. फ्रेमवाला थांबलाय, म्हणाला. कलेला घाई चालत नाही म्हटलं. लंबू म्हणाला, घाई कलेला नाही रे, गुरुजींच्या वयाला आहे.

१४ फेब्रुवारी
कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. हॅकरचा सगळा इतिहास सांगितला. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, काका, ४७ नं संपणारा नंबर घरात कुणाचा? कुणाचाही नाही, मी ठणकावलं. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, अहो, माझा.

लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली, तिचा नंबर मला पाठ असायचं कारण काय? नाव दाबलं की लागतो.

कोड आला. ही दाखवेना! म्हणे, नवऱ्यानं मागितले तरी नाही. दुरुस्तीवाला भिंतीकडे तोंड करून खोकत राहिला. शेवटी मी लेखी परवानगी दिली, तेव्हा सहा आकडे हाती आले.

अकाउंट उघडलं! शेवटी विजय माझाच. फाइल उद्या शांतपणे बघणे. पळतेय कुठे?

१५ फेब्रुवारी, शनिवार
फाइल बघितली. पहिलं कडवं आहे, आठ ओळी. खाली मीच लिहिलंय: 'पुढचं पाठ आहेच. सवडीने टाइप करणे.'

संध्याकाळ
पाठ आहेच. अजून उद्याची सकाळ आहे हातात. लंबूचा फोन उचलला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
उभा राहिलो. गुरुजी पुढच्याच खुर्चीत, नीट ऐकू यावं म्हणून कानाशी हात धरून. पहिलं कडवं खणखणीत झालं. नवव्या ओळीला थांबलो. लोकांना वाटलं, भावना दाटून आल्या. दाटल्याही होत्या, पण ओळ नव्हती. गुरुजींचा हात कानावरून खाली आला.

मागून आवाज आला, 'पुसली पाटी, तरि बोटांना पाठ असे ते नाव.' ही! बसल्या जागेवरून, पदर सावरत. आणि मग थांबलीच नाही. चाळीसही ओळी. म्हणे, शेहेचाळीस वर्षं न्हाणीघराच्या दारातून ऐकतेय, सुरुवातीची काही वर्षं तुम्हाला सगळी येत होती, नंतर तुम्ही पहिलंच कडवं फिरून फिरून म्हणता.

गुरुजी रडत होते. लंबू पुठ्ठ्यावर भराभर लिहून घेत होता. गुरुजींनी हिला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, तू कितव्या बाकावर बसायचीस गं?

मग माझ्याकडे बघून लंबूला विचारलं, हे गृहस्थ कोण?

लंबूनं ओळख पटवून दिली.

१७ फेब्रुवारी
नवा पासवर्ड ठेवला. अतिशय अवघड. कुणालाही सांगणार नाही. हिला पाठ करायला दिलाय.