पाणी सोडणाऱ्याने मागे सोडलेले

मी, या गावाचा पाणी सोडणारा, वय अडुसष्ट, डोके ठिकाणावर (गुडघे नाहीत), कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो की माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. विचारणारेच कोणी नव्हते.

१. राहते घर मुलीला. तिची आई गेल्यापासून ती दर रविवारी फोन करते. "बाबा, सोडा ना आता ते पाणी!" मी म्हणतो, "रोज तेच तर करतो." पूर्वी ती यावर हसायची. शिडी जावयाला द्यावी, भला माणूस आहे.

२. 'तात्पुरता' हा शब्द पाणी समितीला परत. सव्वीस वर्षांपूर्वी माझ्या नेमणुकीच्या कागदावर तो होता. पुढच्या एकाही समितीने खोडला नाही. गळती दाखवली की नव्या समितीचे उत्तर ठरलेले, "ते मागच्यांच्या काळातलं." पाइप काळ बघून फुटत नाही. योजनेवर सगळ्यांनी पाणी सोडले, योजनेतून सोडणारा मी एकटा उरलो.

३. तीन नंबरचा व्हॉल्व्ह मुळातच उलटा बसला आहे. आवळला की सुटतो. वरच्या आळीने मते दिली नाहीत म्हणून अध्यक्ष स्वतः तिचे पाणी तोडायला आले. मी नकार दिला. "मग आण ती चावी इकडे!" म्हणाले आणि घाम फुटेस्तोवर आवळत राहिले. त्या आठवड्यात वरच्या आळीची चंगळ झाली. ही गंमत आजवर कोणाला सांगितली नाही. घरी ऐकायला कोणी नाही. पण माझ्यानंतर न कळता कोणी जोर लावला, तर दांडा मोडेल आणि अख्खे गाव कोरडे पडेल.

४. म्हणून व्हॉल्व्हच्या खुणांची वही आणि चावी (लोहाराकडून मी घडवून घेतलेली, समितीची नव्हे) शेवटच्या नळावरच्या शिंपीणबाईंना. पाणी पोचले की त्या छपरावर लाल चिंधी लावतात, मग मी पंप बंद करतो. एकोणीस वर्षे आमचे बोलणे एवढेच. तेवढे पुरायचे, असे लिहिणार होतो. नाही पुरायचे.

समितीने गावासमोर ठराव करून बाईंना नेमावे आणि वहीची नक्कल दप्तरी ठेवावी. ठरावात 'तात्पुरत्या' हा शब्द आला तर बाईंनी सही करू नये. मी केली होती.

५. एक गोष्ट आजच लक्षात आली. बाई पंपावर आल्या की त्यांच्या छपरावर चिंधी लावायला कोणी उरणार नाही. ती शेजाऱ्यांनी आळीपाळीने लावावी, आणि हेही ठरावात लिहावे. छपराकडे बघत असतो तेवढा वेळ माणसाला एकटे वाटत नाही.

ठिकाण: पंपघर. दिनांक: ९ मार्च २०२६.

साक्षीदार: १. पोस्टमन. २. दवाखान्यातल्या नर्सबाई. (चावी शिंपीणबाईंना जाणार, म्हणून त्यांची साक्ष नको असे वकील म्हणाले. दुसरा साक्षीदार मिळायला चार दिवस लागले.)

सही: पाणी सोडणारा (कायम)