मोडीला मागणी नाही

मंगळवार, नेवासा

पुढच्या वर्षी कोणते अभ्यासक्रम ठेवायचे ते ठरवायला आज विद्यापीठाची समिती कॉलेजात आली होती. यादीत माझ्या मोडी लिपीच्या वर्गापुढे त्यांनी शेरा मारला, "मागणी नाही." झाला वर्ग बंद! एकानेही वर्गात डोकावून पाहिलं नाही.

कहर म्हणजे, बैठक संपल्यावर समितीच्या अध्यक्षांनीच मला जिन्यात गाठलं. बॅगेतून जुना कागद काढला. "मॅडम, आमच्या आज्याच्या जमिनीचा हाय, मोडीतला. कोर्टात लागतोय. तेवढा वाचून द्या की."

मागणी नाही म्हणे! इतका संताप आला, तरी कागद घेऊन आले. वाचूनही काढला, सवयच ती. उद्या परत देताना सोबत चिठ्ठी देणार आहे, मोडीतच लिहिलेली: "मागणी नाही."

घ्या म्हणावं वाचून.