घरच्या सरासरीने भरलेली पसंतीयादी

प्रति,
मा. प्रवेश अधिकारी,
मध्यवर्ती प्रवेश कक्ष, दुसरा मजला.

विषय: संगणकशास्त्राच्या गुणांचा घरगुती अंदाज चुकल्याने मुलीची पसंतीयादी बदलून मिळण्याबाबत.

संदर्भ: खिडकी क्रमांक तीनवरील बाईंनी “जे काय असेल ते लेखी द्या” असे तोंडी सांगितले, ते.

महोदय,

१. अर्जदार शिवणकाम करतो. त्याची थोरली मुलगी यंदा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. आपल्या कक्षाच्या नियमानुसार निकाल लागण्याआधीच संगणकशास्त्राचे गुण अंदाजाने धरून कॉलेजांची पसंतीयादी भरावी लागते. नियम चांगलाच आहे. मात्र अंदाज उमेदवारानेच करायचा, घरच्यांनी नाही, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

२. पेपर देऊन आल्यावर मुलीने पाणीसुद्धा न पिता, लिहून आलेले दोन्ही प्रोग्रॅम आठवून आठवून घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिले. एक नीट चालला. दुसरा सुरू झाला तो थांबेचना. “बाबा, याचे गुण गेले. बासष्ट पडतील,” असे तिने सरळ सांगून टाकले. त्यावर अर्जदाराची बहीण, म्हणजे मुलीची आत्या, म्हणाली, “अगं, थांबत नाही म्हणजे जोरातच चाललाय की! त्याचे उलट जास्त मिळायला हवेत.” मुलीने आत्याकडे एकवार पाहिले व कॉम्प्युटर बंद केला.

३. अर्जदाराला कापड बेतताना शिवणीत माया सोडायची सवय आहे. वाढत्या अंगाचे पोर असेल तर जरा जास्तच. त्या सवयीने त्याने बासष्टाचे सत्तर धरले. मुलीच्या आईचे म्हणणे पडले की पोर लहानपणापासून स्वतःला कमीच लेखते, सबब ऐंशी. मुलीचे मामा ज्या कचेरीत लिफ्ट चालवतात तिथे प्रत्येक टेबलावर कॉम्प्युटर आहे, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द घरात शेवटचा मानतात. त्यांनी प्रश्नपत्रिका उलटसुलट चाळून अठ्ठ्याण्णव सांगितले. दोन गुण अक्षरासाठी कापले. आत्या शंभराखाली यायला तयार नव्हती. चौघांची सरासरी सत्त्याऐंशी आली. मुलीचा आकडा फारच खाली असल्याने, सरासरी बिघडू नये म्हणून, तो धरला नाही.

४. त्यानंतर घरात सत्त्याऐंशी गुणांची मुलगी वावरू लागली. तिला भांडी घासू देईनात. अर्जदार गिऱ्हाइकांची मापे घेता घेता छाती छत्तीस, कंबर बत्तीस आणि मुलगी सत्त्याऐंशी असे सांगू लागला. मुलीला यादीत चार कॉलेजे लिहायची होती. त्यातले पहिले घरापासून चालत जाण्याजोगे असून तिथे साठ गुणांवर संगणकाचा वर्ग मिळतो. “खालचं कशाला लिहायचं? खालचं लिहिलं की खालचंच देतात,” असे मामांनी बजावले आणि सर्वांत मोठे कॉलेज, तेही एकटेच, लिहिले. पालक म्हणून अर्जदाराने सही ठोकली.

५. मुलीला एकसष्ट गुण पडले. मोठे कॉलेज पंच्याऐंशीला बंद झाले व तिला कुठेच जागा राहिली नाही. घरी तातडीची बैठक होऊन पुढील मागण्या ठरल्या. उरलेले सव्वीस गुण आपल्याच कार्यालयात कुठेतरी पडलेले असणार, ते कपाटांमागे शोधावेत. न सापडल्यास घरची सरासरी हाच निकाल समजावा. तेही जमत नसल्यास निदान शेजाऱ्यांना दाखवण्यापुरते सत्त्याऐंशीचे एक पत्र शिक्क्यासह द्यावे. हा परिच्छेद मामांनी शेजारी बसून लिहवून घेतला असून, ते चहाला उठल्यामुळे अर्जदार आता पुढे आपल्या मनाचे लिहीत आहे.

६. बैठकीत मुलीला कोणी काही विचारले नाही. त्या दिवशी दुपारी ती दुकानात शिलाई मशिनीमागे तोंड लपवून रडताना दिसली. “मी सांगितलं होतं ना, बाबा,” एवढेच ती म्हणत राहिली. कमी गुणांचे तिला काहीच नव्हते. ते तिला आधीपासून माहीत होते. अर्जदाराला अतिशय वाईट वाटले. हे अर्जात लिहिण्याजोगे नाही, तरी लिहिले आहे.

७. दुसरी फेरी आज संध्याकाळी बंद होते. पालकाची सही झालेली यादी बदलता येत नाही, हे खिडकी क्रमांक तीनने दोनदा ऐकवले आहे. तरीही सोबतची चार कॉलेजांची यादी स्वीकारावी, ही विनंती. घरून निघण्यापूर्वी, अर्ज मंजूर होईल का, असे अर्जदाराने मुलीलाच विचारले. तिने आपल्या कक्षाचे नियम पुन्हा एकदा वाचले, जरा विचार केला आणि “शंभरात पाच” असे सांगितले. अर्जदाराने त्यात काहीही मिळवलेले नाही. तिचा अंदाज एका गुणापलीकडे चुकत नाही, हे त्याला आता चांगले कळले आहे. या एका खेपेला मात्र तो साफ चुकावा अशी त्याची फार इच्छा आहे, आणि तो चुकवणे आपल्याच हाती आहे.

आपल्या शेऱ्यासाठी बाहेर बाकावर बसलेला,
(सही)
अर्जदार, मुलीचे वडील

दिनांक: दुसऱ्या फेरीचा शेवटचा दिवस, सकाळ

सोबत: गुणपत्रिकेची प्रत, मुलीने स्वतः भरलेली पसंतीयादी. मामांचे स्वतंत्र निवेदन जोडलेले नाही.