दक्षिणेच्या भिंतीवरचे पॅनल

मी, नेस्टर मायकेल बोइचुक, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त लाइनमन, राहणार रिज रोड, डॉफिनजवळ, मॅनिटोबा, आज मंगळवारी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे, कोणी मागे लागलेले नाही, चहा सोडून काही प्यायलेलो नाही. २०११ सालचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे माझी पत्नी स्टेफनिया हिला दिले होते आणि स्टेफी आता नाही.

परवा, गुरुवारी, विनिपेगला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. शुक्रवारी माझी मुलगी लारिसा घटस्फोटाच्या कागदांवर सही करणार आहे. तिचा नवरा कॉर्नेलियस ड्रीगर, म्हणजे कॉर्नी, याच्यापासून ती दीड वर्ष वेगळी राहते, आणि त्याचे कारण मी आहे. ते कलम पाचमध्ये लिहिले आहे. लांबलचक आहे म्हणून वकिलाने त्याला कात्री लावू नये.

कलम १. राहते घर, त्यामागची शेड आणि सात एकर जमीन लारिसाला. तळघरातल्या पंपाचा आवाज येतो, त्याला हात लावू नये. तो वीस वर्षे तसाच ओरडत चालला आहे.

कलम २. बँकेतील बचतीपैकी दोन हजार डॉलर चर्चच्या हॉलमध्ये पिरोही, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, करणाऱ्या बायकांना, नव्या शेगडीसाठी. उरलेले सर्व लारिसाला. बर्फावर दगड सरकवणाऱ्या कर्लिंग क्लबला एक सेंटही नाही. २००९ साली मला न विचारता त्यांनी बर्फाच्या यंत्राची वायरिंग बाहेरच्या माणसाकडून करून घेतली, आणि फायनलच्या दिवशी ते बंद पडले. मी तेव्हा हसलो होतो, आजही हसतो.

कलम ३. माझी सर्व हत्यारे, दोन्ही मीटर, खांबावर चढायचा पट्टा आणि लाकडी पेटी कॉर्नी ड्रीगरला. तो डुकरे पाळतो आणि मेनोनाइट, म्हणजे आमच्याहून वेगळ्या पंथाचा, आहे. या दोन्ही गोष्टींवरून मी त्याला लग्नाच्या दिवसापासून टोमणे मारत आलो. पण वायर सोलताना तांब्याला चरा न पाडणारा माणूस या तालुक्यात मी सोडून तोच.

कलम ४. तीस फुटी मोटरहोम, म्हणजे आमचे चाकांवरचे घर, कॉर्नीलाच. स्टेफीची फुप्फुसे बिघडेपर्यंत आम्ही दर हिवाळ्यात ती घेऊन ॲरिझोनाला जायचो. ती आता विकू नये आणि हिवाळ्यात पुढीलप्रमाणे सांभाळावी. ताडपत्री घालू नये. बॅटरीची मुख्य कळ बंद करावी, कारण गॅसचा इशारा देणारी डबी आणि रेडिओ, गाडी उभी असतानाही थेंब थेंब वीज पितात. छपरावरच्या आडव्या सौर पॅनलच्या भरवशावर राहू नये. त्यावर नोव्हेंबरात बर्फ बसतो तो मार्चपर्यंत. शेडच्या दक्षिणेच्या भिंतीवर उभे पॅनल टांगावे. त्यावर बर्फ टिकत नाही आणि आमच्याकडचा ठेंगणा सूर्य नेमका त्याच्या तोंडावर येतो. त्याची वायर नियंत्रकातून सरळ बॅटरीला न्यावी, म्हणजे मुख्य कळ बंद असली तरी भरणा चालू राहतो. दर रविवारी मीटर लावून पाहावे. बारा पूर्णांक सहा व्होल्टच्या वर असेल तर घरी जाऊन जेवावे. बारा पूर्णांक दोनच्या खाली गेले तर जेवण टाकून धावावे. भरलेली बॅटरी आमच्या थंडीतही गोठत नाही. रिकामी गोठते, फुगते आणि फुटते.

हे सर्व मला कॉर्नीने शिकवले. चाळीस वर्षे विजेच्या तारांवर काढलेल्या मला.

कलम ५. २०२२ च्या ऑक्टोबरात कॉर्नी स्वतःच्या पदरचे पॅनल घेऊन आला. स्टेफी तोवर दिवसरात्र प्राणवायूच्या यंत्रावर होती. घरची वीज गेली तर मोटरहोममधला जनरेटर लावायचा असे ठरले होते. त्या जनरेटरला सुरू व्हायला गाडीतल्याच चार बॅटऱ्या लागतात.

"बाबा, छपरावरचं पॅनल बर्फाखाली गेलं की मेलंच समजा," तो म्हणाला. "आईंचा जीव या बॅटऱ्यांवर आहे. मी एक उभं लावून देतो."

मी म्हटले, "लाव बाबा. डुकरांना पण लावून दिलंस का?"

तो हसला आणि त्याने शेडच्या भिंतीवर ते लावले. काम चोख होते.

नोव्हेंबरात स्टेफीचा वाढदिवस झाला. वीसेक माणसे होती. कोणी तरी विचारले, ते भिंतीवर काय टांगलेय? कॉर्नीने साधेपणाने सांगितले. तेवढ्यात माझा जुना मुकादम आर्ट मॅकलिन ओरडला, "अरे नेस्टर, जन्मभर आम्हाला करंट शिकवलास, आणि आता जावई तुला शिकवतो होय?" सगळे हसले. स्टेफीही हसली, आणि तिला खोकला आला. कॉर्नी तेवढा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमागे गेलो, पॅनलची वायर काढली, तिचे वेटोळे केले आणि खुंटीला टांगले. छपरावरचे पॅनल पुरते हे मला दाखवायचे होते. कोणाला, ते मला तेव्हाही सांगता आले नसते. पहिल्या रविवारी मीटरवर बारा पूर्णांक सहा दिसले. मी खूश झालो. मग बर्फ पडला. मुख्य कळ मी चालूच ठेवली होती. पॅनल भरते आहे, मग कशाला बंद करा, असे इथे सगळेच म्हणतात. नंतरच्या रविवारी मी गेलो नाही. खरे सांगतो, मीटर काय दाखवील याची मला भीती वाटत होती, आणि वायर परत जोडली तर हरल्यासारखे झाले असते. एक प्लग होता. पाच सेकंदांचे काम.

जानेवारीत, वादळाच्या दिवशी, सकाळी दहाला वीज गेली. उणे एकतीस होते. रस्ता बंद. स्टेफीला प्राणवायूचा सिलिंडर लावला, तो दोन तास पुरणार होता. मी म्हटले, "बस तू, दहा मिनिटांत यंत्र चालू करतो."

ती म्हणाली, "टोपी घाल आधी."

जनरेटरचे बटण दाबले. काही नाही. बॅटऱ्यांचे झाकण उघडले तर चारही फुगून चिरलेल्या, आत पांढरा बर्फ. तशा बॅटरीला दुसरीकडून करंट देता येत नाही, ती तोंडावर फुटते. त्या सोडवून पिकअपची बॅटरी जोडायला हवी होती. नट गंजलेले. हातमोजे काढले तर बोटे पान्याला चिकटत होती. दर थोड्या वेळाने मी खिडकीकडे पाहायचो. ती खुर्चीत बसून माझ्याकडे पाहत होती. एकदा तिने हात वर केला. मला वाटले, ती सांगते आहे की ठीक आहे.

जनरेटर सुरू झाला तेव्हा बारा वाजून वीस मिनिटे झाली होती. मी वायर ओढत घरात आलो. उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी रस्ता उघडला आणि लारिसा व कॉर्नी आले. लारिसा शेडमागे जाऊन उभी राहिली. "ही वायर कोणी काढली, बाबा?"

मी म्हणालो, "ते कॉर्नीचं काम आहे. त्याला विचार."

कॉर्नीने खुंटीवरचे वेटोळे पाहिले. लाइनमन जसे वेटोळे करतो, एक वळसा वरून, एक खालून, टोकाला दोन गाठी, तसे या घरात फक्त मी करतो, आणि त्याला ते मीच शिकवले होते. त्याने माझ्याकडे पाहिले. माझ्या हातांना पट्ट्या होत्या. मग तो बायकोला म्हणाला, "माझंच चुकलं असेल."

मी गप्प राहिलो. दफनाच्या वेळी गप्प राहिलो. लारिसा चार महिन्यांनी सामान घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मला त्याचं तोंड बघवत नाही," तेव्हा मी तिच्यासाठी खोली झाडून दिली.

त्यानंतर कॉर्नी एकदाच आला, पॅनल काढून न्यायला. अंगणातच म्हणाला, "तुम्ही सांगाल तेव्हा सांगा, बाबा. मी सांगणार नाही."

तर मी सांगतो. वायर मी काढली. स्टेफीच्या मरणात कॉर्नीचा काहीही दोष नाही. मला लाज वाटते. हे मी कोर्टापुढेही शपथेवर सांगेन.

कलम ६. शेजारीण लिओनी देरोझिये हिला लोणच्याचे मोठे पिंप द्यायचे होते. पण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. तिला सांगितल्यावर म्हणाली, "मरतोयस तेव्हाही चिकटपणा सुटत नाही तुझा."

कलम ७. हे पाकीट सीलबंद करून माझ्या मृत्यूनंतर उघडावे, असे मी इथे लिहिले होते. ते खोडले आहे. लिओनीला मी एवढेच सांगितले की आत लारिसाला जड जाईल असे काही आहे. ती म्हणाली, "आणि ऑपरेशन नीट झालं तर? मग काय, पोरीने तू मरायची वाट बघायची?" म्हणून सही झाल्यावर हा कागद आजच लारिसाच्या हातात द्यावा. मी देईन.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, आणि दोघा साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनीही माझ्या व एकमेकांच्या समोर केली.

नेस्टर मा. बोइचुक

साक्षीदार: लिओनी देरोझिये, रिज रोड
साक्षीदार: आर्थर मॅकलिन, डॉफिन

स्थळ: रिज रोड, डॉफिनजवळ. दिनांक १२ नोव्हेंबर २०२४, दुपारी एक.

पुरवणी, त्याच दिवशी, पावणेचार वाजता. याला वेगळी सही लागते, ती खाली करीत आहे.

लारिसाने हे टेबलाशी बसून वाचले. कलम पाच दोनदा वाचले. मग विचारले, "कॉर्नीला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तुम्ही मला दीड वर्ष त्याला शिव्या घालू दिल्यात."

मी हो म्हणालो. ती रडली नाही. तिने कोट घातला. "गुरुवारी तुम्हाला लिओनी नेईल. मी येईन असं समजू नका."

ती बाहेर जाऊन तिच्या गाडीत बसली आणि तिने फोन कानाला लावला. खिडकीतून मला दिसते आहे. आता पन्नास मिनिटे झाली. ती बोलते आहे, मध्येच ऐकते आहे, एकदा तिने कपाळ स्टिअरिंगवर टेकले. इंजिन चालू आहे, पण गाडी अंगणातून हललेली नाही, आणि फोन तिने अजून खाली ठेवलेला नाही.

नेस्टर मा. बोइचुक