जिऱ्याच्या पुड्यांत गेलेल्या वह्या

कुसुम,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. खोटं कशाला लिहायचं?

परवा तुझी मुलगी दोंडाईच्याहून धुळ्याला आली. तू गेल्याचं तिनेच सांगितलं आणि पिशवीतून चार वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. "मावशी, ह्या तुम्हालाच द्यायच्या असं आई दवाखान्यात म्हणाली होती." म्हणजे तेव्हा तुला बोलता येत होतं! मग एक पोस्टकार्ड का नाही टाकलंस? तू टाकलं नाहीस, म्हणून मी लिहिते आहे.

जळगावला एम.एस्सी.च्या वर्गात आपण दोघीच मुली. सामान्य सापेक्षतेचं पुस्तक एकच, तेही सरांचं स्वतःचं. आपण ते वाटून उतरवून घेतलं. टेन्सरची सूत्रं असलेला पहिला अर्धा भाग मी, गुरुत्वाकर्षणाचा पुढचा अर्धा तू. परीक्षेआधी वह्या बदलायच्या, असं ठरलं होतं. मी तुझ्यावर विसंबले.

सरांनी फळ्यावर डमी अक्षर शिकवलं, ते आठवतं? एकाच पदात एकदा वर, एकदा खाली येणारं अक्षर. त्याच्या जागी दुसरं घातलं तरी उत्तर बदलत नाही. तू माझ्या कानात पुटपुटलीस, "मालू, ही तर नवरी शे! नाव बदला, काही बिघडत नाही." मी हसले आणि सरांनी मलाच उभं केलं.

दोन महिन्यांत तुझंच लग्न. चार दिवस पारोळ्याला माहेरी जाऊन येते म्हणालीस, तुझ्या वह्या घेऊन गेलीस, ती परत आलीच नाहीस. कुसुमची सुनंदा झाली. तेवढ्यात सरांची पुण्याला बदली झाली. पुस्तकही त्यांच्याबरोबर गेलं.

मग मी पॅसेंजरने दोंडाईच्याला तुझ्या सासरी आले. तुझ्या सासूबाई घरच्या किराणा दुकानामागच्या ओट्यावर डाळ निवडत होत्या. तू डोक्यावर पदर घेऊन दारात उभी राहिलीस. "वह्या? त्या दुकानात गेल्या. जिरं बांधलं त्यात." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस! सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "बठ्ठी रद्दी दुकानमाच जास, बाई."

परीक्षेत बुधाच्या कक्षेचं उदाहरण आलं. माझी सूत्रं मला पाठ होती. ती कशाला लावायची ते तुझ्या वहीत. पेपर बुडाला. पहिला वर्ग गेला, कॉलेजातली नोकरी गेली. पुढे धुळ्याच्या शाळेत सातवीला त्रैराशिक शिकवत म्हातारी झाले.

आता ह्या वह्या उघडल्या. एक पान फाटलेलं नाही. जिऱ्याचा वास तेवढा येतो! मागच्या कोऱ्या पानांवर उदाहरणं सोडवलेली आहेत. कुठे निळी शाई, कुठे काळी, कुठे नुसती पेन्सिल. किती वर्षं चाललं होतं हे? सासूच्या धाकाने खोटं बोललीस, की वह्या हातातून सोडवेनात म्हणून? धाक मी समजू शकते. दुसरं असेल, तर त्याला मी चोरी म्हणते.

चौथ्या वहीत बुधाचंच उदाहरण. अर्ध्यावर थांबलेलं. खाली तुझ्या बारीक अक्षरात: "इथे लागणारं सूत्र मालूच्या वहीत. तिला विचारायचं."

अगं, मग का नाही विचारलंस? मी काय परदेशात होते? धुळ्याची एसटी तुझ्या गावाहून रोज सुटत होती. माझ्या वह्या ट्रंकेत तशाच पडून होत्या. दोघींकडे अर्धं अर्धं, आणि पुरं कुणाकडेच नाही!

नाव बदललं तरी काही बिघडत नाही म्हणालीस ना? बिघडलं, कुसुम. तुझंही आणि माझंही.

ट्रंक आज काढली आहे. तुझी ओळ जिथे थांबली, तिथून पुढे मी लिहीन. वेळ लागेल, पण उदाहरण पुरं करीन. उत्तराखाली दोघींची नावं घालीन. तुझं कुसुमच. सुनंदा नाही. मग वही तुझ्या मुलीला परत देईन आणि हे काय आहे ते तिला बसवून समजावीन.

जिऱ्याचं मात्र माफ केलेलं नाही.

जिला विचारायचं राहिलं ती,
मालू